वहीतला निळा

शुक्रवार, दुपार
द्वारका, नाशिक

प्रिय निकिता,

'प्रिय' एकदा खोडलं होतं. पण खोडलेला शब्द न खोडलेल्यापेक्षा जास्त दिसतो, म्हणून कागद बदलला आणि पुन्हा लिहिलं. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. ते एका परीने बरंच झालं, फोनवर मी ओरडतो. कागदावर कितीही जोर लावला तरी रिफील फुटण्यापलीकडे काही होत नाही. हे पत्र तेजल तुझ्या हातात देईल. तिने वाचायचं नाही असं मी तिला शपथ घालून सांगितलंय, म्हणजे तिने वाचलेलं असणार.

मुद्द्याचं आधी सांगतो. सोमवारी सकाळी दहाला तुमच्या अंबडच्या कंपनीत द्राक्षांच्या खोक्याचं लेबल मशीनवर चढणार आहे. द्राक्षवाली पार्टी स्वतः मशीनजवळ उभी राहून पहिला कागद पास करणार. पास झाला की तुझे उमेदवारीचे तीन महिने पुरे, तू कायम. नाही झाला तर तू परत गावी, आणि तुझ्या मामांनी लासलगावचं जे स्थळ बघून ठेवलंय त्याला 'मी नोकरी करते' एवढं एकच उत्तर तुझ्याकडे होतं, तेही जाणार. हे सगळं मला तेजलकडून कळलं, तिच्यावर चिडू नकोस. आणि आता ऐक : तो कागद पास होणार नाही. निळा चुकणार आहे. का चुकणार, ते मला माहीत आहे. अख्ख्या नाशकात मला एकट्यालाच माहीत आहे. तुला सांगायचं की नाही हे मात्र माझं अजून ठरलेलं नाही. म्हणून सरळ शेवटचं पान उलटू नकोस. मी त्या गुरुवारी तुमच्या गेटवर उभा राहिलो होतो ना, तशी थोडा वेळ तूही उभी राहा.

काल मी तेजलच्या दुकानात गेलो होतो. काम काही नव्हतं. ती नेहमीसारखी या प्रेसची, त्या प्रेसची फाईल उघडून छपाईच्या प्लेटा काढत बसली होती. मला बघून म्हणाली, "धम्या, ये इकडं, तुझा निळा बघ." मी म्हटलं, माझा कुठला, मी आता बॅनर छापतो. तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. तुमच्या कंपनीची फाईल होती. सायन शंभर, लालसर मॅजेंटा अठ्ठेचाळीस, पिवळा शून्य, काळा सहा. "शहरात दुसरं कोणी अठ्ठेचाळीस ठेवत नाही," ती म्हणाली, "बाकीचे पासष्टच्या खाली येत नाहीत. नाव वाचायच्या आधीच मी म्हटलं, हा धम्याचा." तिला वाटलं मी खूश होईन. मी तिथल्या स्टुलावर बसून राहिलो. विहारातून बाहेर यावं आणि आपली चप्पल दुसऱ्याच्या पायात चालत जाताना दिसावी, आणि तो दुसरा आपल्या ओळखीचा असावा, तसं झालं मला.

त्या निळ्याची गोष्ट तुला पाठ आहे, पण तुमच्या साहेबांना आपली रंगांची वही दाखवताना तू ती सांगितली नसणार, म्हणून इथे लिहून ठेवतो. मी तेव्हा एस. वाय. बी. कॉम.ला होतो. नाशिकरोडला आमच्या कॉलनीच्या जयंतीचं पोस्टर करायला कोणी नव्हतं आणि मला कोरलमध्ये चार चौकोन काढता येत होते, एवढ्या भांडवलावर मी ते अंगावर घेतलं. मित्राच्या कॉम्प्युटरवर तीन दिवस बसून केलं. स्क्रीनवर काय निळा दिसत होता तो! बघणाऱ्याची छाती फुगावी असा. छापून आला तो जांभळा. पाचशे पोस्टरं, सगळी जांभळी. विहाराच्या पायरीवर बसलेल्या लंकाआत्याने एक पोस्टर उन्हात धरलं, उलटसुलट केलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आरं धम्या, हा निळा हाय का वांगं? जयंती करायची का भरीत?" लोक हसले. माझी आई हसली नाही. ती आत निघून गेली, ते मला जास्त लागलं. तू निफाडकडची, तुला तेव्हा कदाचित कळलं नसेल की आमच्याकडे निळा म्हणजे आवडीचा रंग नव्हे. तो चुकवून चालत नाही.

मी पोस्टरांचा गठ्ठा काखोटीला मारून शालिमारच्या मागच्या गल्लीत यादवकाकांच्या प्रेसमध्ये भांडायला आलो. काय काय बोललो ते आठवलं की अजून कान गरम होतात. यादवकाका बशीतला चहा पीत ऐकत राहिले. आणि कॉम्प्युटरवरची मुलगी मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "फाईल तुम्ही आरजीबीमध्ये दिलीय. स्क्रीनला उजेड असतो. कागदाला कुठून आणायचा?" मग तू माझीच फाईल उघडलीस आणि सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, करून दाखवलंस. एक क्लिक, आणि माझा निळा माझ्या डोळ्यांसमोर वांगं झाला. म्हणजे प्रेसने काहीच बिघडवलं नव्हतं. जे छापून आलं ते पहिल्यापासून माझ्याच फाईलमध्ये होतं, मी फक्त चुकीच्या काचेतून बघत होतो. मला त्याआधी कोणी एवढ्या कमी शब्दांत गप्प केलं नव्हतं. मी पुन्हा कॉलेजला गेलो नाही, यादवकाकांकडेच कामाला लागलो. लोकांना मी सांगतो की मला डिझाईनमध्ये करिअर करायचं होतं. आईने आठ दिवस मला जेवायला वाढलं पण माझ्याशी बोलली नाही. मी कॉलेज कशासाठी सोडलं ते तिला बरोबर कळलं होतं. तुलाही कळलं होतं. तू कधी तसं म्हणाली नाहीस, एवढंच.

(मध्ये उठावं लागलं. इथे एका भाऊंच्या वाढदिवसाचा वीस फुटी बॅनर छापतोय, तो अडकला होता. फ्लेक्सच्या दुकानात रंगाबद्दल एकच सूचना असते, "भाऊंना जरा गोरं करा." केलं. आता अर्धा तास मशीन आपोआप चालेल.)

मग वही. पहिल्याच महिन्यात मी यादवकाकांना विचारलं की प्रत्येक कामाच्या कागदाला कडेने जी पट्टी कापून टाकतात, तिच्यात माझे रंगांचे छोटे चौकोन टाकू का? ते म्हणाले, टाक, कचऱ्यात जाणारा कागद आहे, फक्त पार्टीला दिसू देऊ नकोस. लग्नपत्रिका असो, शाळेचं प्रगतिपुस्तक असो, फरसाणाचं खोकं असो, कडेला माझा निळा. मॅजेंटा सत्तर, पासष्ट, साठ. मशीनवरचे गोरक्षभाऊ वैतागायचे. "आले का तुझे चौकुन परत? मी हितं छपाई करतो का रांगुळी काढतो?" अकराव्या वेळी अठ्ठेचाळीसवर तो सापडला. भर दुपारी आपण तो चौकोन रस्त्यावर नेऊन बघितला, कारण तू म्हणालीस ट्यूबलाईटवर विश्वास ठेवू नकोस. तो निळा होता. नुसता निळा. पुढच्या वर्षीचं जयंतीचं पोस्टर मी लंकाआत्याच्या हातात स्वतः नेऊन दिलं. तिने ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आता बोल जय भीम." तो चौकोन वहीच्या पहिल्या पानावर गेला. मी चिकटवला. त्याखालचे आकडे तू लिहिलेस, कारण माझं अक्षर म्हणजे कोंबडीने शाई तुडवलेली.

त्यानंतर दोन वर्षं आपण तेच केलं. हळदीचा पिवळा, पैठणीचा हिरवा, डाळिंबाचा लाल, देवीच्या मळवटाचा लाल, दोन्ही लाल वेगळे. मी आकडा सांगायचा, तू लिहायचीस, कात्री तुझी, डिंक माझा. तीनशेच्या वर चौकोन झाले. कोणी विचारलं की प्रेमात पडलात तेव्हा कुठे भेटायचात, तर मी काय सांगू? गोदाकाठ नाही, बाग नाही, थिएटर नाही. कापलेल्या कागदाच्या ढिगाजवळ एका भिंगावर दोघांनी डोकी घातलेली. भिंगातून बघितलं की हिरवा दिसतच नाही, नुसते निळे आणि पिवळे ठिपके शेजारी शेजारी. तू एकदा म्हणालीस, "बघ ना, एकमेकांत मिसळलेले नाहीतच, लांबून फक्त तसं वाटतं." मी तेव्हा हसलो. मला वाटलं तू छपाईबद्दल बोलतेस.

तुझे मामा प्रेसमध्ये आले होते ते आठवतं? कांद्याच्या आडतीचं लेटरहेड छापायला. मी त्यांचं डिझाईन केलं, तुझा मामा म्हणून दोनदा चहा मागवला, काळी अक्षरं नुसत्या काळ्यात ठेवली, चारही रंगांतला काळा लावला की बारीक अक्षरांना कडेने रंगीत भुतं धरतात म्हणून. ते खूश होते. जाताना त्यांनी मला नाव विचारलं. मी धम्मपाल म्हटलं. ते म्हणाले, पूर्ण सांगा. मी पूर्ण सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "प्रेसमधला मुलगा आहे, मामा." पुढचे दोन दिवस तू खिडकीजवळच्या खुर्चीत बसलीस. मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तू परत शेजारी येऊन बसलीस आणि म्हणालीस, "हं, सांग आकडा." मी आकडा सांगितला. त्या दिवशी मी मूर्खासारखा आनंदात घरी गेलो. मला वाटलं उत्तर मिळालं.

आता गेल्या ऑक्टोबरचं ऐक. अंबडच्या कंपनीची जाहिरात तूच मोबाईलवर दाखवलीस. चार कलरचं नवीन मशीन, जागा एक, डिझाईन आणि रंगाचं काम येणारं माणूस पाहिजे. आपण दोघांनी अर्ज केले. यादवकाकांच्या जिन्यात उभं राहून ठरवलं, ज्याला मिळेल त्याची, दुसऱ्याने तोंड वाकडं करायचं नाही. कंपनीचा फोन तुझ्या मोबाईलवर आला कारण माझ्या अर्जावरही मी तुझाच नंबर लिहिला होता, अर्ज भरताना माझा फोन दुरुस्तीला होता. तू म्हणालीस, दोघांनाही गुरुवारी बोलावलंय. मंगळवारी तू सुट्टी घेतलीस, सिडकोच्या मावशीला दवाखान्यात न्यायचंय म्हणून. तुझी राहिलेली तीन कामं मी केली, निकिता. एका पत्रिकेत तू अक्षरांखाली सावली टाकली होतीस आणि ती सावली आरजीबीतच राहून गेली होती. बाकी सगळं बदललं तरी ती तशीच राहते, आपण किती वेळा फसलोय त्यात. ती मी शोधून काढली आणि तुझं नाव यादवकाकांकडे जाऊ दिलं नाही. संध्याकाळी तुला मेसेज टाकला, मावशीचं बीपी कसं आहे. तू लिहिलंस, ठीक आहे आता. बुधवारी तू माझ्या शेजारी बसून दिवसभर काम केलंस, डब्यातली मेथीची भाजी मला दिलीस आणि निघताना म्हणालीस, "उद्या तो आकाशी शर्ट घाल, त्यात तू शहाणा दिसतोस."

तो शर्ट घालून मी गुरुवारी तुमच्या गेटवर गेलो. वॉचमन चांगला माणूस होता, त्याने मला सावलीत उभं केलं. म्हणाला, "दादा, ती जागा तर मंगळवारीच भरली. तुमच्याच प्रेसच्या मॅडम हायेत. लय भारी वही आणली होती म्हणे त्यांनी रंगांची, साहेब एकेकाला बोलावून दाखवत होते." मी विचारलं, "कसली वही?" मला खरंच कळलं नव्हतं. तो म्हणाला, "हातानं केलेली. दोन वर्षं लागली म्हणे मॅडमला." तेवढं ऐकून मी निघालो. प्रेसमध्ये येऊन वहीचा ड्रॉवर उघडला, रिकामा. मग मी काय केलं ते तुला गोरक्षभाऊंनी सांगितलं असेलच. माऊस भिंतीवर फुटला, आर्ट पेपरचं एक रीम लाथेने चिखलात गेलं, आणि यादवकाकांना मी असं काही बोललो की त्यांनी फक्त दाराकडे बोट केलं. बिचाऱ्या म्हाताऱ्याचा काय दोष? त्यांनी तर मला रांगोळी काढू दिली होती.

जागा गेली त्याचं मला वाईट वाटलं नाही. तू सरळ म्हणाली असतीस की धम्या, तू नको येऊस, मला ही नोकरी मिळायलाच पाहिजे, नाहीतर मामा मला उजवून टाकतील, तर मी तुला तुमच्या गेटपर्यंत गाडीवर सोडलं असतं आणि वही स्वतः तुझ्या पिशवीत ठेवली असती. हे तुला माहीत होतं. माहीत असूनसुद्धा तू मला शर्टाचा रंग सांगितलास. त्या एका वाक्यावर मी तीन महिने अडकलोय. चोरी समजते, शर्ट समजत नाही.

बॅनर संपला. दुसरा लावला. आता पुढचं लिहितो.

काल तेजलच्या दुकानातून परत येताना मी मनात तुझ्यावर खटला चालवत होतो, आणि एक पान मध्येच आडवं आलं. सप्टेंबरमध्ये त्या शाळेच्या बाई आल्या होत्या, वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ बघायला. म्हणाल्या, काय सुंदर रंग उतरलेत, कोणी केलं? तू म्हणालीस, "आम्ही दोघांनी." आणि मी, सगळ्यांसमोर, यादवकाकांसमोर, गोरक्षभाऊंसमोर, म्हणालो, "हिने फक्त अक्षर काढलंय." बाई हसल्या, तूही हसलीस. मला ते भांडण वाटलंच नाही, मला तो विनोद वाटला होता. पण वही तुझ्याकडे आहे, उघडून बघ : दोनशे साठाव्या चौकोनानंतरची पानं कोणाच्या अक्षरात आहेत? माझ्या. कोंबडीच्या. त्या दिवसापासून तू एकही आकडा लिहिला नाहीस आणि मला तीन महिने, नाही, चार महिने, तेसुद्धा दिसलं नाही. मी भिंगातून ठिपके मोजत होतो. आणि आरजीबी म्हणजे काय हे मला ज्या मुलीने शिकवलं, तिचं नाव त्या वहीत कुठेच नव्हतं. पहिल्या पानावर 'धम्मपाल' एवढंच होतं. ते पान तू फाडलंस का ग? फाडलं असशील तर निळा कुठे चिकटवलास?

याने तुझं बरोबर ठरत नाही. मी माफबिफ केलेलं नाही. पण लिहायला बसलोच आहे तर एकाच बाजूचं लिहिलं तर ते आरजीबीतलं पोस्टर होईल, दिसायला झकास आणि छापल्यावर वांगं.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र आहे. तू एकदा मला विचारलं होतंस, "आपल्या वहीत सगळीकडे मॅजेंटा एवढा कमी का असतो रे?" मी ऐटीत म्हणालो होतो, "अनुभव." ते खोटं होतं, निकिता. आपलं मशीन म्हातारं होतं आणि त्याचा मॅजेंटाचा भाग ठिपका फुगवून छापायचा. गोरक्षभाऊंनी मला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं, "ती म्हातारी लाल लय ओढती, तू आधीच कमी दे." म्हणून मी प्रत्येक रंगात मॅजेंटा आधीच कापून लिहायचो. वहीतले आकडे रंगांचे नाहीत, त्या एका मशीनच्या आजाराचे आहेत. हे मी तुला सांगितलं नाही, आणि जाणूनबुजून सांगितलं नाही. तुला हे कळलं तर तुला माझी गरज उरणार नाही असं मला वाटायचं. दोन वर्षं तू माझ्या शेजारी बसून ते आकडे सुंदर अक्षरात लिहीत होतीस आणि मी एक वाक्य गिळून बसलो होतो. तू वही नेलीस, पण नेलीस ती अर्धीच होती, आणि अर्धी मी ठेवली होती. तुमचं मशीन नवीन आहे, ते सरळ छापणार. अठ्ठेचाळीसला तिथे फिका, हिरवट झाक असलेला निळा येईल, आणि द्राक्षवाला शेतकरी माणूस एका नजरेत म्हणेल, हा तर फवारणीचा मोरचूद झाला. मला त्यासाठी काहीच करावं लागणार नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. काल रात्रीपर्यंत मी गप्प बसणारच होतो. पण गप्प बसून तर मी दोन वर्षं तुला फसवत आलो होतो, तेच पुन्हा करून तुझ्यावर सूड उगवला असं कसं म्हणणार? तर लिहून घे, आता तुझ्याच अक्षरात. निळ्यात मॅजेंटा अडुसष्ट कर. लेबलावरच्या लाल पट्टीत वहीत ब्याऐंशी असेल, ती पंच्याण्णव कर. पन्नासच्या आसपासच्या रंगांत वीस वाढव, ऐंशीच्या वर बारा-तेरा, आणि पंचवीसच्या खालच्या फिक्या रंगांत आठच, तिथे जास्त घातलंस तर द्राक्षं आजारी दिसतील. मी तुमचं मशीन बघितलेलं नाही, म्हणून कापून जाणाऱ्या पट्टीत निळ्याचे तीन चौकोन टाक, बासष्ट, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर, आणि सोमवारी पार्टी यायच्या आधी तुमच्या मशीनमनला घेऊन ते उन्हात बघ. साहेबांनी विचारलं की आकडे का बदलले, तर काय सांगायचं ते तुझं तू ठरव. पार्टीने विचारलं हा निळा कुणाचा, तर तेही. जुन्या प्लेटा तेजलने अजून पाठवलेल्या नाहीत. मी तिला कारण सांगितलं नाही, आज सकाळी फक्त थांबायला सांगितलंय. नव्या प्लेटा काढायला तिला पाऊण तास लागतो आणि शनिवारी ती चारपर्यंतच असते. पत्र खाली ठेव आणि तिला फोन कर. मला करू नकोस.

तुझाच,
धम्मपाल